‘तिकडे होती म्हणून वाचली’ म्हणणाऱ्यांना

लंडनच्या लिलावातून परत घेतलेल्या नागपूरच्या रघुजी भोसल्यांच्या तलवारीवरच्या माझ्या लेखाखाली परवा एका वाचकांनी लिहिलं: “तिकडे होती म्हणून वाचली. इथे आणून अजब बंगल्यात (म्हणजे नागपूरच्या संग्रहालयात) धूळ खायला ठेवायची का? शिवाय तो करार 1972चा नाही, 1970चा. मॅडम, भावना आवरा, वाचन वाढवा.” त्याखाली खर्च, राजकारण वगैरेवर आणखी आठ-दहा ओळी आहेत.

आधी चूक कबूल करते. चोरट्या कलाव्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार 1970चाच, 1972चा तो जागतिक वारशाचा. लेखात दुरुस्ती केली, आभार. पण सन बदलल्याने माझा मुद्दा कुठे बदलला? तो करार मागच्या काळाला लागूच होत नाही, म्हणून तर सरकारला 2025मध्ये लंडनच्या लिलावात पैसे मोजून तलवार घ्यावी लागली.

आता ते ‘वाचन वाढवा’. एकोणतीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. दर हिवाळ्यात पोरांची रांग घेऊन अजब बंगल्यात गेले, रामटेकच्या नरसिंहासमोर पाय दुखेस्तोवर बसून रेखाटनं केली. तुम्ही कोण, कुठले, काय वाचता, मला माहीत नाही, कारण तुम्ही नावही टाकलेलं नाही. मग ‘मॅडम’ म्हणताना एवढा खवचटपणा काऊन?

‘तिकडे होती म्हणून वाचली.’ हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकलंय. लॉर्ड एल्गिन या ब्रिटिश वकिलाने अथेन्सहून उचललेली पार्थेनॉन या प्राचीन ग्रीक मंदिराची शिल्पं घ्या. 1937-38मध्ये ब्रिटिश म्युझियममध्येच ती ‘स्वच्छ’ करायला घेतली. देणगीदाराला संगमरवर पांढराशुभ्र हवा होता, मग तांब्याच्या हत्यारांनी आणि कार्बोरंडमने, म्हणजे घासायच्या कडक दगडाने, घासला. शतकांची मधाळ झाक गेली. दगडाचा वरचा थरही काही ठिकाणी गेला. पुरता तपशील लोकांसमोर यायला साठेक वर्षं लागली. यालाच वाचणं म्हणायचं का?

की अजिंठा? रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं गुहांत राबून भित्तिचित्रांच्या प्रती रंगवल्या. त्या लंडनला गेल्या आणि 1866मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. मग ग्रिफिथ्सने मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांना घेऊन 1872पासून नव्याने काम केलं. त्यातल्याही कित्येक 1885च्या आगीत गेल्या, पुन्हा लंडनमध्येच. मूळ चित्रं मात्र वाकाटकांच्या काळापासून इथल्या ओल्या गुहेत, वटवाघळांच्या सोबतीने, झिजलेली का होईना पण उरलीत. (त्यांच्यावर लाखेचा थर चढवून ती पिवळी पाडणारे तज्ज्ञही इटलीहून बोलावलेले होते. तो वेगळा लेख होईल.)

2023मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या सुमारे 2000 वस्तू चोरीला गेल्याचं, हरवल्याचं किंवा खराब झाल्याचं उघड झालं आणि संचालकांनी राजीनामा दिला. हेच नागपुरात झालं असतं तर तुम्ही काय लिहिलं असतं, ते मला पाठ आहे.

धूळ? धूळ असते. पुसता येते.

खर्चाबद्दल मी बोलणार नाही, राजकारणावर तर नाहीच. तो तुमचा प्रांत दिसतो.

आणखी एक, कोणी मागून उकरून काढण्याआधी मीच सांगते. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्याचे कोरीव सागवानी खांब वाटणीनंतर काकांनी विकून टाकले. मी तेव्हा परीक्षेला बसले होते, काही बोलले नाही. कुठे गेले ठाऊक नाही, कुठल्यातरी हॉटेलात उभे असतील. पण कोणी परदेशात नेले असते तर बरं झालं असतं, असं मला एकदाही वाटलेलं नाही.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा नाव टाका.