आहे का? आहे. टिक!

"घरात नळजोडणी आहे का?" "आहे." टिक. पुढचा प्रश्न.

अहो, पुढचा प्रश्न काय, पुढचा प्रश्न! आधी पाणी येतं का ते विचारा की! नळ आहे हो. चांगला पितळेचा, वडिलांनी बसवलेला. त्यातून पाणी किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, पहिली दहा मिनिटं चहाच्या रंगाचं का येतं आणि ते भरायला घरातलं कोण उठतं, यातलं काहीएक त्या जीवनमानाच्या सर्व्हेच्या टॅबला जाणून घ्यायचं नाही. नळ आहे ना? मग झालं. काका सुखी.

परवाच्या शनिवारी भर दुपारी बेल वाजली. दारात कॉलेजच्या वयाची मुलगी. गळ्यात ओळखपत्र, पाठीला सॅक, घामाने डबडबलेली. "काका, जीवनमानाचा सर्व्हे आहे, पाचच मिनिटं." 'पाचच मिनिटं' ऐकलं की माझं डोकं आधीच फिरतं. बँकेत पाच मिनिटं, सेतू केंद्रात पाच मिनिटं, लिफ्ट दुरुस्त करणारा तर गेल्या दिवाळीपासून पाच मिनिटांत पोचतोय. त्यात दिवस कुठला गाठला बघा. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद. शुक्रवारी 'उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल, नागरिकांनी सहकार्य करावे'. केलं सहकार्य. आलंच नाही. शनिवारी सोसायटीच्या टाकीत खडखडाट, टँकरवाला फोन उचलेना, आणि नेमकं त्या मुहूर्तावर आमचं जीवनमान मोजायला माणूस दारात.

मी म्हटलं, "'नाही' लिही." तिने निमूट 'नाही' दाबलं. स्क्रीनवर उमटलं: कारण निवडा. एक, जोडणी परवडत नाही. दोन, जोडणीची आवश्यकता वाटत नाही. तीन, पर्यायी स्रोत उपलब्ध. बस. 'इतर'सुद्धा नाही! सरकारी फॉर्म आणि त्यात 'इतर' नाही, हे मी या जन्मात पहिल्यांदा पाहिलं. मी विचारलं, "जोडणी आहे पण पाणी नाही, हे कुठे लिहायचं?" ती म्हणाली, "काका, ते ऑप्शनच नाहीये." बरं, टँकर म्हणजे पर्यायी स्रोत, म्हणून तीन नंबर दाबला. तर पुढे काय यावं? 'पर्यायी स्रोताबाबत आपण समाधानी आहात का?' अतिशय समाधानी, समाधानी, सांगता येत नाही. 'असमाधानी' दिसायला स्क्रीन वर सरकवावी लागते, आणि ती सरकवताना जी अडकली ती अडकलीच. मध्ये ते गोल चक्र फिरतंय, आम्ही दोघं त्याच्याकडे बघत उंबऱ्यात उभे. मग अ‍ॅप आपोआप बंद. पुन्हा पहिल्यापासून नाव, वय, मोबाईल, ओटीपी. या फेरीत तिने मला न विचारताच 'आहे'वर टिक मारली. मी बघितलं. मी बघितलंय हे तिनेही बघितलं.

"काका, 'नाही' म्हटलं ना, की फॉर्म पुढे जातच नाही ओ."

हे वाक्य मंत्रालयाच्या दारावर संगमरवरात कोरून लावा, माझ्या खर्चाने.

थांबा, संपलेलं नाही. "नळाचा फोटो लागतो, लोकेशनसकट. आणि शेजारी कुटुंबप्रमुख." म्हणजे मी. कोरड्या नळाशेजारी बनियनवर उभा राहिलो. "काका, जरा हसा ना, चेहरा डिटेक्ट होत नाहीये." हसलो! आता कुठल्यातरी सर्व्हरवर अक्षांश-रेखांशासकट मी कोरड्या नळाशेजारी दात काढून उभा आहे, आणि कुणीतरी साहेब ते बघून म्हणत असेल, बघा, लाभार्थी किती खूश.

बाकीचे प्रश्न झपाझप उरकले. वीज आहे? आहे. घंटागाडी येते? येते, गाणं वाजवत पुढे निघून जाते. पाचशे मीटरच्या आत बसथांबा? आहे, शेडसकट, शेडवर कुणा दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, बस तेवढी येत नाही. फूटपाथ? आहे, त्यावर विजेची डीपी, डीपीला टेकून पाणीपुरीची गाडी. टिक, टिक, टिक.

शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी हा सरकारचाच मापदंड आहे म्हणे. कोण मोजणार लिटर! नीती आयोगाच्या त्या बहुआयामी, म्हणजे पैशापलीकडे शिक्षण, आरोग्य, राहणीमान बघून मोजलेल्या, गरिबीचंही हेच. १२ निकष, त्यात एक बँक खातं. घरात एकाचं जरी खातं असलं तरी त्या रकान्यात घर पास. खात्यात काय आहे हे विचारणं बहुतेक असभ्य समजत असावेत. पाण्याला तिथे निदान जाऊन-येऊन ३० मिनिटांची अट तरी आहे, त्याबद्दल आभार. पण नळ घरात आणि पाणी पहाटे साडेचारला, त्या जागरणाची मिनिटं कुणी धरायची? २०१५-१६ मधली २४.८५ टक्के गरिबी २०१९-२१ मध्ये १४.९६ वर आली म्हणतात. आली असेल. शौचालयं झाली, गॅस आला, हे डोळ्यांनी दिसतं, त्यावर वाद नाही. वाद माझ्या नळावर आहे.

आणि मग शेवटी शिडी. "काका, अशी कल्पना करा की दहा पायऱ्यांची शिडी आहे. सगळ्यात वर म्हणजे सगळ्यात चांगलं आयुष्य. तुम्ही कितव्या पायरीवर?" या शिडीला मी चांगला ओळखून आहे. जागतिक आनंद अहवालवाले हीच लावतात. दर मार्चमध्ये फिनलंड पहिला येतो, २०२५ ला आपण ११८वे, आणि मग आमच्या ग्रुपवर 'पाकिस्तान आपल्या वर कसा' यावर मारामारी. मी 'चार' म्हणणार, तेवढ्यात आतून आई ओरडली, "दहा सांग रे! उन्हातून आलीय पोर!"

वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, पाणी नाही म्हणून दोन दिवस अंघोळीला फाटा, आणि दहा! का, तर परक्या माणसापुढे घरचं रडगाणं गाऊ नये. मुलीने तिचेही विचारून घेतले. तिचे दहा, माझे चार, सरासरी सात. लागला निकाल.

अमर्त्य सेन इतकी वर्षं घसा कोरडा करून हेच सांगतायत. १९४४ साली, बंगालच्या दुष्काळाच्या पाठोपाठ, कोलकात्याजवळ सिंगूरला लोकांना तब्येतीबद्दल विचारलं होतं. विधुरांपैकी ४८.५ टक्के म्हणाले, आजारी आहोत किंवा तब्येत यथातथाच आहे. विधवांमध्ये असं म्हणणाऱ्या किती? २.५ टक्के. त्या काय दुष्काळात बाळसं धरून बसल्या होत्या? आणि केरळात माणसं जास्त जगतात, तरी दुखण्याच्या तक्रारी तिथेच जास्त. बिहारचं नेमकं उलट. ज्याला बरं म्हणजे काय ते माहीत असतं तोच कुरकुरतो. आमची मातोश्री त्या सिंगूरच्या विधवांच्या गोटातली, आणि तिचे दहा मार्क गुणपत्रिकेत धरणार.

हे सगळं मी त्या मुलीला ऐकवत होतो. सेन, सिंगूर, फिनलंड. आवाज अर्थातच टिपेला. शेजारच्या दाराची कडी हळूच वाजली, म्हणजे प्रेक्षकही जमले होते. तेवढ्यात बायको बाहेर आली, मुलीच्या हातात सरबताचा पेला दिला आणि विचारलं, "पहाटे पाणी कोण भरतं, असा प्रश्न आहे का गं त्यात?"

"नाही काकू."

"बरंय. यांचं उत्तर चुकलं असतं."

आता यावर माणसाने काय बोलावं? वास्तविक त्या विषयाचीही पाहणी झालेली आहे. २०२४ च्या वेळेच्या वापराच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची २८९ मिनिटं निघाली, पुरुषांची ८८. हा आकडा मीच मोठ्या तावातावाने मध्ये घरात वाचून दाखवला होता. तेव्हाही तिने एवढंच विचारलं होतं, की आपल्या घरातली ८८ कुठल्या खोलीत होतात. जीवनमानाच्या मोजमापावर माझा व्यासंग दांडगा आहे, बादल्या उचलण्यावर जरा कमी. मुलीला फॉर्ममागे पैसे मिळतात, माझ्या व्याख्यानामागे नाही, हेही नंतर तिच्याचकडून कळलं. मी गप बसलो. खरं सांगायचं तर नळाला तेव्हा धार असती ना, तर मीही सात सांगून मोकळा झालो असतो. माझं समाधान त्या टँकरवाल्याच्या खिशात आहे, त्यालाच विचारा कितवी पायरी ते.

पण राग गेलाय असं समजू नका. ही काही आजची गोष्ट नाही.

२०१८ साली केंद्राने 'राहण्यास सुलभ' म्हणून १११ शहरांची यादी लावली. पहिलं पुणे, दुसरी नवी मुंबई, तिसरी बृहन्मुंबई. पुण्याची बहीण तेव्हा मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये राहून टँकरचं पाणी विकत घेत होती. मी अभिनंदनाचा फोन केला, तिने आपटला. २०२० च्या यादीत, दहा लाखांवरच्या शहरांत, बेंगळुरू पहिलं, पुणे दुसरं. बेंगळुरूच्या मावसभावाने ही बातमी सिल्क बोर्डाच्या सिग्नलला वाचली, मला पाठवली, त्यावर आमची चर्चा संपली, तरी तो सिग्नललाच. त्या यादीत ३० टक्के गुण नागरिकांच्या मताला होते. मत कसं गोळा होत असेल याची आता चांगली कल्पना आलीय. स्वच्छतेच्या सर्व्हेच्या दिवसांत तर माणसं सरळ म्हणतात, "ओटीपी सांगा काका, बाकीचं आम्ही भरतो."

अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेत गरिबी मोजली ती माणसाच्या पोटात किती उष्मांक जातात यावरून. सरळ प्रश्न, सरळ हिशेब. चाळीस वर्षांनी, २०११ ला, नियोजन आयोगाने सुप्रीम कोर्टात काय लिहून दिलं? शहरात दिवसाला ३२ रुपये, खेड्यात २६, त्याच्या वर खर्च करणारा गरीब नाही. ते लिहिणाऱ्यांची कँटीन सबसिडीची होती का, एवढंच मला तेव्हा विचारायचं होतं, अजूनही आहे.

रेशनचं तर बोलूच नका. पिवळ्या कार्डाला वर्षाचं उत्पन्न १५ हजार, म्हणजे महिन्याला साडेबाराशे. अन्नसुरक्षेला शहरात ५९ हजार. आमच्याकडच्या मावशी चार घरची भांडी घासूनही याच्या वर जातात, म्हणून दाखल्यावर 'बसणारा' आकडा पडतो. अख्ख्या गल्लीचं उत्पन्न रुपयासकट एकच! एवढं करून गेल्या तर उत्तर काय, 'इष्टांक संपलाय.' इष्टांक म्हणजे लाभार्थ्यांचा कोटा. कुठला, तर २०११ च्या जनगणनेवर बांधलेला, राज्याला सात कोटी माणसांचा. २०२१ ची जनगणना झालीच नाही, ती गेली २०२७ वर. तोवर जन्मलेल्यांनी, लग्न होऊन आलेल्यांनी जेवायचं थांबावं. मग लाडकी बहीण. २०२५ ला ई-केवायसीला नवऱ्याच्या, लग्न नसेल तर वडिलांच्या, आधारचा ओटीपी मागितला. मावशींचा नवरा गेली कित्येक वर्षं कुठे आहे हे मावशींनाही ठाऊक नाही, सरकारला मात्र त्याचा ओटीपी हवा होता.

संध्याकाळी टँकर आला. तोवर चेअरमनसाहेबांचा ग्रुपवर मेसेज: 'सर्व सभासदांना नम्र विनंती, सर्व्हेमध्ये कृपया सकारात्मक उत्तरे द्यावीत. शहराची रँक वाढली की फ्लॅटचे भाव वाढतात.' सकारात्मक! या माणसाने गच्चीतली गळतीसुद्धा सकारात्मकपणे घेतली, कारण त्याचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर. मी कडक उत्तर टाईप केलं, सिंगूरसकट. पाठवायच्या आधी सहज बघितलं, तर मेसेजखाली अंगठ्यांची रांग, आणि सगळ्यात पहिला अंगठा आईचा.