लेकरं भिंतीला टेकून, ताई मोबाइलमध्ये

आज पुन्हा तेच. लेकीला अंगणवाडीत सोडायला गेले, तर सगळी लेकरं भिंतीला पाठ लावून बसलेली. हाताची घडी, तोंडावर बोट. अंगणवाडीची सेविका, आमची ताई, बाहेर उन्हात उभी, मोबाइल डोक्याच्या वर धरून रेंज शोधत होती. तिच्यासमोर तीन बाया कडेवर पोरं घेऊन ताटकळलेल्या, वावरात जायला उशीर होतो म्हणून कुरकुरत. "का करू बाई, तोंडाचा फोटो मॅच झाला नाही तं शिध्याचं पाकीट देता येत नाही," ताई म्हणाली. एकीचा ओटीपी नवऱ्याच्या नंबरवर गेला होता अन् नवरा पुण्याला कंपनीत. दुसरीचं आधारला जोडलेलं सिम कधीच बंद पडलेलं. मदतनीस चुलीपाशी. लेकरांकडे बघायला माणूसच नाही.

संताप येतो. सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकरांचा शिधा घरी द्यायचा, तर घेणाऱ्या आईचा चेहरा मोबाइलमधल्या सरकारी ॲपवर जुळलाच पाहिजे. 1 जुलै 2025 पासून सक्ती. कारण काय, तर शिध्यात गळती होते. अहो, होत असेल तर पाकिटं जिथून निघतात तिथं बसा ना पाळत ठेवून! आमच्या ताईला गावातल्या प्रत्येक सुनेचा चेहरा ती लग्न होऊन आली त्या दिवसापासून ठाऊक आहे. अन् एवढा तपास करून हातात पडतं काय? लेकरू तोंडात धरत नाही असं पीठ. कितीतरी घरी ते शेळीपुढं जातं. एका लेकराच्या दिवसाच्या आहाराला 8 रुपये, हा दर 2017 सालचा. आज एक अंडं घ्यायला गेलं तरी त्यातलं काय उरतं ते सांगा.

बरं, लेकरांच्या पोटाबद्दल बोललं तरी जातं. तीन ते सहा वर्षांच्या लेकराच्या डोक्याचं कोणी नाव काढत नाही. मेंदूची 85 टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते, हे सरकारच्याच 2020 च्या शैक्षणिक धोरणात लिहिलंय. अंगणवाडीसाठी राज्याचा अभ्यासक्रम आहे, गोष्टी, गाणी, खेळ सगळं त्यात आहे. मग ते घ्यायला ताईला वेळ कोण देणार? तिनं वजन-उंची करायची, लसीकरणाला बाया गोळा करायच्या, गरोदर बाईच्या घरी जायचं, रजिस्टरं भरायची अन् तेच पुन्हा मोबाइलवर भरायचं. मतदार यादीचं काम तिच्याच गळ्यात. 2024 मध्ये लाडक्या बहिणीचे फॉर्म तिनंच भरले. 2025 मध्ये त्याच योजनेच्या तपासणीसाठी कोणाच्या दारात चारचाकी उभी आहे ते बघायलाही तिलाच पिटाळलं. ह्या सगळ्या कामाचे तास कोणाच्या वाट्यातून कापले? माझ्या लेकीच्या.

डिसेंबर 2023 मध्ये सेविका-मदतनिसांनी संप केला, जानेवारीपर्यंत चालला. आमच्या गावात तेव्हा एकच प्रश्न ऐकला, "खिचडीचं कसं?" लेकरांचं गाणं-गोष्ट-खेळ बंद पडलं म्हणून एकानंही ओरड केली नाही. अंगणवाडी म्हणजे खिचडी अन् वजनकाटा, हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय. वरचे साहेबही तेच समजतात. सुपरवायझर येते, रजिस्टर बघते, ॲपमधली हजेरी बघते, सही करते, जाते. लेकरू बोलतं का, रंग ओळखतं का, दुसऱ्याला खेळणं देतं का, ह्याचा रकाना नाही म्हणून तो प्रश्नच नाही.

मग ज्याच्याकडे कापसाचे चार पैसे येतात तो लेकराला कॉन्व्हेंटला घालतो. तीन वर्षांचं पोर सकाळी ऑटोत कोंबून तालुक्याला. तिथं काय, तर एक ते शंभर लिही, एबीसीडी लिही, घरी अभ्यास. ज्याला अजून शर्टाचं बटण लावता येत नाही त्याच्या बोटात पेन्सिल खुपसतात अन् वही भरली नाही म्हणून रागावतात. माझ्या जावेचा मुलगा झोपेत दचकतो. आईबाप मात्र खूश, वही भरलेली दिसते ना!

कापूस वेचणीच्या दिवसांत तर हाल विचारू नका. बाया सात वाजता मजुरीला निघतात, अंगणवाडी उघडते त्यानंतर अन् दुपारी बंद. तान्हं धुऱ्यावर झाडाला बांधलेल्या झोळीत, अन् त्याला सांभाळायला आठ वर्षांची बहीण शाळा बुडवून. रोजगार हमीच्या कामावर पाच लहान लेकरं असली तर त्यांना सांभाळायला एक बाई लावायचा नियम आहे. वावरातल्या मजुरीला कोणता नियम? वेचणीपुरतं तरी अंगणवाडीतच पाळणाघर चालवा म्हटलं, तर ग्रामपंचायतीत उत्तर मिळालं, "त्यासाठी फंड नाही." स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला अन् बालकल्याणावर खर्चायचे असतात, ते कुठं जातात? आमच्या अंगणवाडीच्या नळाला तोटी नाही, मदतनीस हंडा घेऊन हापशीवर जाते.

अन् पैशांचंच रडगाणं गाऊ नका. ताराबाई मोडक अन् अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी लेकरांच्या अंगणात जाऊन, भोवती सापडेल त्या वस्तूंनी बालवाड्या चालवल्या. आपल्याकडे चिंचोके नाहीत? पळसाची पानं, माती, तुरीचे दाणे नाहीत? भुलाबाईची गाणी येणाऱ्या म्हाताऱ्या दर घरात बसून आहेत, त्यांना आठवड्यातून एकदा कोणी अंगणवाडीत बोलावतं का? तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवून पोरांची मिरवणूक काढता, बक्षिसं वाटता. दुसऱ्या दिवसापासून त्याच पोरांना भिंतीला बसवता.

मला फार नको. ॲपसाठी वेगळं माणूस द्या, किंवा ते काम लेकरं घरी गेल्यावर ठेवा. सकाळचे दोन तास ताईच्या हातात मोबाइल नको, कोणाचाही फोन येवो. वेचणीचे महिने पाळणाघर चालवा. नळाला तोटी बसवा. अन् सुपरवायझर मॅडम, पुढच्या वेळी खुर्ची मागू नका. सतरंजीवर पोरांमध्ये बसा, त्यांना एक गोष्ट सांगायला लावा, अन् ती कोणाला सांगता आली, कोणाला नाही, ते लिहून न्या.