30 फुटांवरची मगर

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षातून दोनदा मगरींवरून भांडण होतं. एकदा उन्हाळ्यात, सांगलीजवळच्या कृष्णेत नुसते डोह उरतात तेव्हा; आणि एकदा पुरानंतर, मगर मळीच्या (नदीकाठच्या गाळाच्या) रानात किंवा थेट गल्लीत येते तेव्हा. ‘पकडून लांब नेऊन सोडा’ असं एक बाजू म्हणते. ‘नदी तिचीच आहे, आपण घुसलोय’ असं म्हणणारी दुसरी बाजू बहुतेक पुण्यात किंवा परदेशात राहते. मी अमेरिकेत, टेक्सासमधल्या ह्यूस्टनला राहतो, म्हणजे मी कुठल्या बाजूला होतो ते सांगायला नको.

मार्चमध्ये एका शनिवारी पोरांना घेऊन ब्रॅझोस बेंड स्टेट पार्कला गेलो. ह्यूस्टनपासून तासाभराच्या अंतरावर, ब्रॅझोस नदीच्या वळणावर, जवळजवळ 5,000 एकरांचं हे रान 1984 पासून लोकांना खुलं आहे. मोठ्यांना माणशी 7 डॉलर तिकीट होतं. आत काठावरून गळ टाकायला मासेमारीचा परवानाही लागत नाही. पाण्यात ॲलिगेटर, म्हणजे मगरीचे तिकडचे नातेवाईक, मात्र मुबलक.

एल्म लेक या तळ्याच्या कडेनं चालताना धाकटी थबकली. पायवाटेपासून थोड्या अंतरावर आठेक फुटांचा एक ॲलिगेटर उन्हाला पडला होता. पाठीवर हिरवं शेवाळ, तोंड अर्धवट उघडं, आणि नाकपुडीवर एक माशी निवांत बसलेली. शेजारच्या ओंडक्यावर ॲनहिंगा पंख वाळवत होता. आपल्या तिरंदाज पक्ष्याचाच हा अमेरिकन भाऊबंद. अडईसारखी शीळ घालणारी बदकंही होती. नियमांची पाटी जागोजागी: 30 फूट अंतर ठेवा, खायला घालू नका, पाण्यात उतरू नका, कुत्रा दोरीवर ठेवा. खायला घातलं तर दंड, कारण माणूस म्हणजे खाऊ हे एकदा डोक्यात बसलं की तो ॲलिगेटर धोक्याचा होतो आणि शेवटी त्यालाच मारावं लागतं.

दुपारी 40 एकर लेकच्या धक्क्यावर गळ टाकून बसलो. गांडुळाला पहिला लागला तो तळहाताएवढा सनफिश. मग थोरल्याच्या गळाला एक कॅटफिश लागला. मिशांवरून थेट आपला शिंगटा. तो ओढत असतानाच पाण्यात दोन डोळे आणि एक नाक आमच्या दिशेनं सरकू लागलं. धक्क्यावर फिरणारा म्हातारा स्वयंसेवक शांतपणे म्हणाला, दोरी कापा, मासा त्याला द्या. कापली. पोरगं रडलं, पण तिथल्या सगळ्यांना हा व्यवहार मान्य दिसला.

घरी येऊन मी फोटो टाकले आणि खाली लिहिलं, ‘बघा, मगरींसोबत असं राहता येतं.’

रात्री चुलतभावाचा, अण्णाचा फोन. त्याचं रान नदीकाठाला आहे. म्हणाला, ‘‘आरं, तू तिथं मगर बघाय जातोस. मला नदीवर जावंच लागतंय. लाइट येती रात्रीची. फुटबॉलात कचरा अडकला की पाण्यात उतराय लागतंय. 30 फूट कुणापासनं लांब उभारू?’’ (फुटव्हॉल्व म्हणजे मोटारीच्या पाइपच्या पाण्यातल्या टोकाची झडप; तिला आमच्याकडे फुटबॉलच म्हणतात.)

मला उत्तर सुचलं नाही. ब्रॅझोस बेंडमध्ये कुणी धुणं धूत नाही, म्हशी धूत नाही, नदीतली मोटार बघायला उतरत नाही. पाण्याशी काम नसलेल्या माणसाला अंतर पाळायला सांगणं सोपं. शिवाय जनावरही वेगळं. ॲलिगेटर माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. टेक्सासमध्ये 2015 साली एक जण दगावला, तो पाटी असूनही रात्री पाण्यात उतरला होता. त्याआधीच्या मृत्यूची नोंद थेट 1836 ची. आपली मगर त्याहून तापट, आणि नदीकाठच्या गावांनी तिच्यापायी माणसं गमावली आहेत. मी टाकलेला फोटो म्हणजे त्यांच्यापुढे सुट्टीवर आलेल्यानं झाडलेलं व्याख्यान होतं.

तरीही ‘नेऊन सोडा’ मला पटत नाही. मगरीला जागेची चांगली ओळख असते, सोडलेली परत येऊ शकते, आणि रिकाम्या डोहात दुसरी येते. मगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वनखात्यालाही ती हवी तशी हलवता येत नाही.

टेक्सासकडून घ्यायचंच असेल तर त्यांचा इतिहास घ्यावा. कातड्यासाठी मारून मारून ॲलिगेटर इतका घटला की 1967 साली तो अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेला. संरक्षण मिळाल्यावर 1987 पर्यंत सावरला, आणि त्याच्या थोडं आधीच टेक्साससारख्या राज्यांत परवान्यानं, संख्या ठरवून शिकारही होऊ लागली होती. जनावर वाचवायचं की माणूस, असा वाद तिथं रोज घालावा लागत नाही, कारण हिशेब ठेवणारं खातं आहे आणि त्याच्या हातात पैसे आहेत.

नदीच्या घाटांचं काय करायचं याचं उत्तर टेक्सासपेक्षा श्रीलंकेत जास्त जवळचं सापडतं. तिथं नदीत मगर शिरू नये म्हणून पाण्यातच खांब आणि जाळीचा कोट उभारतात आणि लोक त्याच्या आत अंघोळ करतात. आपल्या पुराला तो टिकेल का? सांगलीच्या आयर्विन पुलापाशी 2019 ला पाणी साडेसत्तावन फुटांवर गेलं होतं. तेवढ्याला काहीच टिकत नाही. दरवर्षी पूर ओसरल्यावर पुन्हा बांधावा लागेल, एवढंच. ग्रामपंचायतीला परवडेल असं काम आहे. शेतीला दिवसा वीज मिळाली तर अण्णासारख्यांचं अंधारात पाण्यात उतरणं थांबेल, आणि त्यासाठी तर मगरीचं नावही काढायची गरज नाही. शेरीनाल्याचं सांडपाणी आणि साखर कारखान्यांची मळी नदीत जाऊन मासे मरतात, तेव्हा मगरीनं खायचं काय, हेही कुणीतरी विचारायला हवं. ग्रुपवर मी हे विचारलं तर एकानं फक्त अंगठा दाखवला.

फोटो मी काढून टाकला. अण्णाला दोन दिवसांनी कोटाचं चित्र पाठवलं. त्याचा उलट निरोप आला: ‘‘बघतो सरपंचाला विचारून. शिंगटा किती किलोचा हुता?’’

दीड-दोन किलोचा असेल म्हटलं. आता तो ॲलिगेटरच्या पोटात आहे.