‘अ‍ॅक्रेलिकने काय बिघडतं?’ या प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया दोनदा वाचली. उत्तर लांबणार आहे म्हणून वेगळंच लिहिते.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात. मी लिहिलं होतं की जी काच धुतली जाणार तिच्यावर साधे अ‍ॅक्रेलिक रंग नकोत. त्यावर तुमचं म्हणणं, हे सगळं ग्लास कलर विकणाऱ्यांचं मार्केटिंग आहे, तुम्ही अ‍ॅक्रेलिकनेच फुलदाणी रंगवली, वरून वॉर्निश मारलं, वर्ष झालं तरी पोपडा निघाला नाही. उलट ओव्हनमध्ये भाजायचे रंग आणले तर प्रीहीट केलेल्या ओव्हनमध्ये ठेवल्या ठेवल्या ग्लास तडकला. आणि शेवटी, "लोकांना उगाच खर्चात पाडू नका."

फुलदाणी टिकली यात मला तरी काही नवल वाटत नाही, तिला त्रास देतंय कोण? एका जागी उभी, पाणी आतून, रंग बाहेरून, कधीतरी कोरडं फडकं फिरणार. अशा वस्तूला अ‍ॅक्रेलिक खुशाल लावा. पण तोच रंग रोज घासायच्या ग्लासला लावा आणि मग सांगा. कागद, कापड, लाकूड यांत रंग मुरतो, काचेत मुरायला जागाच नाही, त्यामुळे अ‍ॅक्रेलिक सुकलं की काचेवर नुसता प्लॅस्टिकचा पातळ थर बसलेला असतो, धरून असतो तो वरच्यावर. कडेला कुठेतरी नख लागतं, तिथून पाणी आत जातं आणि मग एक दिवस आख्खं फूल पाकळ्यांसकट हातात येतं. वॉर्निशचा इथे उपयोग नाही हो, कारण वॉर्निश बसतं रंगाच्या वर आणि सुटतं ते रंगाच्या खाली, काचेपाशी!

माझ्यावर विश्वास ठेवू नका, घरीच बघा. एखाद्या रिकाम्या बाटलीवर रंगाचा पट्टा मारा, नीट सुकू द्या, ब्लेडने बारीक फुली ओढा, त्यावर सेलोटेप घट्ट दाबून झटक्यात खेचा. तरी टिकला तर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि सकाळी अंगठ्याने चोळा. हाच पट्टा एकदा काच नुसती पुसून मारा आणि एकदा साबणाने धुऊन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मारा. बोटांचं तेल काय करतं ते लगेच कळेल, त्यासाठी कुठल्याच कंपनीचं ऐकायला नको.

आता ओव्हन. ग्लास तडकला त्यात रंगाचा दोष नाही, ब्रँड कोणताही असता तरी तेच झालं असतं. साधी काच गरम झाली की प्रसरण पावते आणि तिच्यातून उष्णता हळू जाते, म्हणजे पातळ काठ लगेच तापतो, जाड बूड मागे राहतं, दोघांची ओढाताण आणि तडा. बोरोसिलिकेट काच (ओव्हनमध्ये चालणाऱ्या भांड्यांची) साधारण एक तृतीयांशच प्रसरते म्हणून ती असले धक्के जास्त सोसते, पण पिण्याचे बहुतेक ग्लास साध्या काचेचेच असतात. म्हणून रंगवलेला ग्लास थंड ओव्हनमध्येच ठेवायचा, मग ओव्हन लावायचा, ठरलेलं तापमान आलं की तिथून वेळ मोजायची आणि नंतर बंद करून दार न उघडता तसाच निवू द्यायचा. तापमान बाटलीवर असतं ते पाळा, उदाहरणार्थ पेबेओ या रंगांच्या कंपनीच्या विट्रिया 160 ला 160 अंश सेल्सिअसवर 40 मिनिटं आणि पोर्सलेन 150 ला 150 अंशांवर 35 मिनिटं. त्याआधी किमान 24 तास सुकवणं आलंच, ओल कमी राहिली तर बरं, नाहीतर भाजताना बुडबुडे येतात. आणि जास्त तापलं की पांढरा पिवळट पडतो, बाकीचे रंग काळवंडतात. ओव्हनचा काटा बऱ्याचदा खोटं बोलतो, आत एक थर्मामीटर ठेवलेला बरा. मायक्रोवेव्ह नाही, प्लीज.

आणि हो, भाजलेला रंग म्हणजे "परमनंट" असं मीही म्हणत नाही. खरा कायमचा रंग म्हणजे भट्टीतला इनॅमल, त्यात काचेचीच पूड असते आणि ती 550 अंशांच्या पुढे वितळून काचेशी एकजीव होते, घरच्या ओव्हनचं ते काम नाही. घरी भाजलेला ग्लास मी तरी हातानेच, मऊ स्पंजने धुते. काठापासून दोनेक सेंटीमीटर कोरं सोडायचं, आतून तर रंगवायचंच नाही. लेबलवर नॉन-टॉक्सिक लिहिलंय म्हणजे तोंडाला लावायला चालतो असा अर्थ होत नाही.

खर्चाचं म्हणाल तर ग्लास कलर घ्यायचं खरं कारण टिकाऊपणा नाहीच, उजेड आहे. कंदील, खिडकी, दिव्याची शेड, जिथे मागून प्रकाश येतो तिथे अ‍ॅक्रेलिक रंगवताना छान दिसतं आणि दिवा लावला की लाल-हिरवं सगळं मळकट काळं, वर ब्रशचे फराटे. तिथे पेबेओच्याच विट्रेलसारखे सॉल्व्हंटवाले (पाण्याऐवजी थिनरसारख्या द्रवात कालवलेले) पारदर्शक रंग लागतातच. ते भाजायचे नाहीत, पाण्याने पातळ होत नाहीत, ब्रश व्हाइट स्पिरिटमध्ये (टर्पेंटाइनसारखा द्रव) धुवायचा, खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या, आणि बाटली हलवायची नाही, हळूच ढवळायची, नाहीतर बुडबुडे काचेवर उतरतात. या रंगांनी रंगवलेली वस्तू धुवायची नसते, फक्त पुसायची.

अ‍ॅक्रेलिकच संपवायचंय तर फ्रेमच्या काचेच्या मागच्या बाजूने चित्र काढा ना. रंगाला हात लागत नाही, पाणी लागत नाही, आणि समोरून काचेची झळाळी फुकट. फक्त क्रम उलटा, डोळ्यातला चमकता ठिपका पहिला, मग बुबुळ, मग डोळ्याचा पांढरा, मग चेहरा आणि बॅकग्राउंड सगळ्यात शेवटी. सुरुवातीला डोकं चक्रावतं खरं, पण एकदा जमलं की सोडवत नाही.

तुमचे ओव्हनवाले उरलेले रंग टाकून देऊ नका, झाकण घट्ट असेल तर चांगलेच असतील. पुढच्या वेळी आधी एखाद्या रिकाम्या बरणीवर थंड ओव्हनपासून सुरुवात करून बघा, आणि तीही तडकली तर बरणीचा आणि ओव्हनच्या काट्याचा फोटो पाठवा, बघू काय चुकतंय ते.