व्हिडिओ गेमच्या जुन्या कॅसेटींना भंगार म्हणणाऱ्या त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज जिकडेतिकडे फिरतोय. आमच्या कळव्याच्या सोसायटी ग्रुपवर आला, शाळेच्या ग्रुपवर आला, आणि काल मामेभावाने घणसोलीहून थेट मलाच पाठवला, खाली "दादा वाच जरा" असं लिहून. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं की जुने व्हिडिओ गेम जमवणं म्हणजे पैसा आणि जागा दोन्ही वाया, कारण सगळे जुने गेम मोबाईलवर फुकट मिळतात, भारतात ओरिजिनल तर कधी आलंच नव्हतं, जमवणारे सगळे उद्या करोडो मिळतील या आशेवर बसलेत, घरात ई-कचरा साठतो, आणि हे लोक लहानपणातून बाहेर पडलेले नाहीत, वर मुलांनाही नाद लावतात. मी बरीच वर्षं हे जमवतोय, खेळतोय, दुरुस्तही करतोय, त्यामुळे एकेक मुद्दा नीट घेतो.

आधी ते मोबाईलवालं, कारण बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे. मोबाईलवर जी फाईल तुम्ही चालवता ती आली कुठून? कोणीतरी ती कॅसेट सांभाळून ठेवली होती, तिच्यातल्या चिपवरचा डेटा उतरवून घेतला, म्हणून ती फाईल आहे. जी कॅसेट कोणीच ठेवली नाही तिची फाईलही नाही, इतकं सरळ आहे हे. म्हणजे ज्यांना तुम्ही वेडे म्हणताय त्यांच्याच कपाटातून तुमचा फुकटचा गेम आलाय. आणि फुकट म्हणजे कायदेशीर असंही नाही बरं का, आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 52 मध्ये प्रोग्रामची बॅकअप कॉपी काढायची मुभा आहे ती ज्याच्याकडे मूळ प्रत रीतसर आहे त्याला, ती प्रत खराब होईल किंवा हरवेल म्हणून. नेटवरून उचलणाऱ्याला नाही.

दुसरं म्हणजे "सगळे गेम मिळतात" हे मुळातच खोटं आहे. 2023 मध्ये व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने अभ्यास केला, अमेरिकेत 2010 च्या आधी निघालेल्या गेमपैकी 87 टक्के आज दुकानात किंवा ऑनलाइन कुठेच रीतसर विकत मिळत नाहीत असं निघालं. हे अमेरिकेचं, जिथे या गोष्टीची थोडीतरी नोंद ठेवली जाते. आणि ऑनलाइन घेतलेलं कायमचं आपलं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे बघा, जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 27 मार्च 2023 ला थ्रीडीएस आणि वी यू या दोन्ही मशीनचं ऑनलाइन दुकान खरेदीसाठी बंद केलं, जे गेम फक्त तिथेच होते ते नव्याने घ्यायची सोयच संपली. युबीसॉफ्ट कंपनीने द क्रू या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर 31 मार्च 2024 ला बंद केले आणि ज्यांनी पूर्ण पैसे मोजून डिस्क घेतली होती त्यांच्याकडेही खेळता येईल असं काही उरलं नाही. उलट 1985 च्या मारिओची कॅसेट आजही घातली की चालू होते, लॉगिन नाही, अपडेट नाही, कोणाची परवानगी नाही.

एम्युलेटर, म्हणजे मोबाईल-कॉम्प्युटरवर जुन्या मशीनची नक्कल करून गेम चालवणारा प्रोग्राम, वाईट आहे असं मी म्हणतच नाहीये, मीही वापरतो, प्रवासात तर तेच बरं. पण काही गोष्टी त्यात येतच नाहीत. डक हंट घ्या, तो 1984 चा बदकं मारायचा बंदुकीवाला गेम, आपल्यातल्या बहुतेकांनी कोणाच्या तरी घरी खेळलाय. ट्रिगर दाबला की एका फ्रेमपुरता, म्हणजे टीव्हीवर एकदा चित्र येतं तेवढाच वेळ, अख्खा स्क्रीन काळा होतो, मग लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, दोन बदकं असतील तर एकाचा आधी आणि दुसऱ्याचा नंतर, आणि बंदुकीच्या नळीत जो लाइट सेन्सर असतो तो बघतो की आधी अंधार मग उजेड असं दिसलं का आणि नेमकं कुठल्या फ्रेमला दिसलं. आधी अंधार यासाठी की कोणी बल्बकडे बंदूक धरून बदकं पाडू नयेत. ही सगळी गणितं पिक्चर ट्यूबवाल्या टीव्हीवर बसवलेली आहेत, जिथे सिग्नल येतो त्या क्षणी रेघ उमटते. आताचा एलसीडी चित्र दाखवायला थोडा वेळ घेतो, तेवढ्यात बंदुकीची बघायची वेळ निघून जाते, शिवाय बंदुकीतलं सर्किट ट्यूबच्या लुकलुकण्यालाच ओळखतं, एलसीडीच्या एकसारख्या उजेडाला नाही. म्हणून तीच बंदूक, तीच कॅसेट, नव्या 55 इंची टीव्हीवर लावा, एक बदक पडणार नाही. मोबाईलवर तर बोटाने टॅप करायचं, तो वेगळाच खेळ झाला. तसंच बटणांचं, ते अधिकच्या चिन्हाचं दिशांचं बटण निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी 1982 मध्ये डाँकी काँगच्या हातात धरायच्या गेमसाठी आणलं आणि पुढची कित्येक वर्षं गेम त्या बटणाचा विचार करूनच बनले. काचेवर अंगठा घसरवत काँट्रा गेममधल्या उड्या मारून बघा म्हणजे कळेल मी काय म्हणतोय.

आता "भारतात ओरिजिनल कधी नव्हतंच". हा मुद्दा वाचून मला खरंच राग आला, कारण अर्धा चुकीचा आहे आणि उरलेला अर्धा आपल्याच गोष्टीला कमी लेखणारा.

चुकीचा अर्धा आधी. सेगा कंपनीचं मेगा ड्राइव्ह हे गेम मशीन 1995 मध्ये शॉ वॉलेस कंपनीमार्फत भारतात अधिकृतपणे आलं होतं, किंमत 18,000 रुपये, 1995 चे 18,000! कोण घेणार होतं, ते वेगळं, पण आलं होतं. प्लेस्टेशन 2 तर इथे वर्षानुवर्षं रीतसर विकलं गेलं आणि त्यासाठी भारतात बनलेले गेमसुद्धा निघाले. हनुमान: बॉय वॉरियर 2009 मध्ये हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने बनवला, त्याच वर्षी देसी अड्डा आला ज्यात कबड्डी, विटीदांडू, पतंग असले खेळ होते. गेम म्हणून फार भारी होते असं मी म्हणणार नाही, हनुमान तर खेळायला बराच कंटाळवाणा आहे, पण हे आपल्याकडे कन्सोलसाठी, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेम मशीनसाठी, बनलेले पहिले-पहिले गेम आहेत, आणि त्यांच्या डिस्क आपण नाही ठेवायच्या तर जपान-अमेरिकेतला माणूस येऊन ठेवणार आहे का?

आता डुप्लिकेटचं. हो, आपल्या घरी आलेली बहुतेक मशीनं निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या गेम मशीनची नक्कल होती, लिटल मास्टर, मीडिया, मायक्रो जीनियस, नावं तुम्हाला आठवत असतीलच. पण नक्कल म्हणजे बिनकामाची हे कोणी ठरवलं? रशियात 1992 मध्ये डेंडी नावाची अशीच नक्कल आली, तिथल्या लोकांनी तिचा इतका अभ्यास केला की आज मेसेन आणि एफसीईयूएक्ससारख्या एम्युलेटरमध्ये डेंडी असा वेगळा मोडच असतो. आणि त्याला कारण आहे, त्यात तांत्रिक फरक आहे. जपान-अमेरिकेच्या टीव्हीवर सेकंदाला साधारण 60 वेळा चित्र यायचं, आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीवर 50 वेळा. मारिओ 60 साठी लिहिलेला. तैवानच्या यूएमसीने अशा नकलांसाठी ज्या पाल चिप काढल्या त्यात प्रोसेसरचा वेग जपानी मशीनच्या जवळपास ठेवला पण चित्र 50 नेच चालतं, म्हणून गाण्याचा सूर जवळजवळ तोच राहतो पण लय आणि मारिओची धाव साधारण सहाव्या हिश्शाने हळू होते. अशा चिपवर जो मारिओ खेळत मोठा झाला त्याचा हात त्याच लयीला बसलेला असतो, आणि मोबाईलवरचा 60 वाला मारिओ त्याला उगाच घाईत वाटतो. त्याला वाटतं आपलं वय झालं. वय नाही हो, मशीन वेगळं आहे.

आणि त्या 9999 इन 1 कॅसेटी! पिवळी कॅसेट, वर चार-पाच वेगवेगळ्या गेमची चित्रं चिकटवलेली, मेन्यू चालू झाला की समुद्र आणि पाखरं. यादी खाली खाली जात राहते, पण खरे गेम थोडेच असतात, बाकी तेच गेम पुढच्या लेव्हलपासून किंवा जास्त लाइफ देऊन वेगळ्या नावाने टाकलेले. अशी एक कॅसेट मी टेबलावर उघडली तर आत बोटभर हिरवी पट्टी, तिच्यावर काळ्या डांबरासारखा एक थेंब वाळलेला, त्या थेंबाखाली उघडी चिप, नंबर नाही, कंपनीचं नाव नाही, एक कोपरा तर सुरीने कापल्यासारखा वाकडा. कोणी बनवली, मेन्यू कोणी लिहिला, गेमची नावं कोणी बदलली, काहीच नोंद नाही. मला तर ही सीलबंद ओरिजिनलपेक्षा जास्त जपण्यासारखी वाटते, कारण ओरिजिनल मारिओ जगात ढिगाने जपलेत, ही नेमकी कॅसेट ठाण्याच्या एखाद्या माळ्यावरून भंगारात गेली की संपली.

करोडोंचा मुद्दा पटकन उरकतो. सुपर मारिओ 64 ची प्रत जुलै 2021 मध्ये हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात 15.6 लाख डॉलरला गेली, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेअकरा कोटींच्या आसपास, हे खरं आहे. पण ती कंपनीचं सील न फोडलेली, तपासून ग्रेड दिलेली प्रत होती. आपल्याकडे सील राहिलंय कुठे, कॅसेट हातात आली की दुकानाबाहेरच खोका फाडायचा आणि पाहुण्यांच्या मुलांसकट सगळ्यांनी खेळायचं. असल्या भावाची आशा धरून कोणी या छंदात येत असेल तर त्याने म्युच्युअल फंडाचा फॉर्म भरावा. मी ओळखतो ते सगळे अदलाबदल करतात, जास्तीची कॅसेट दुसऱ्याला देतात, आणि गेम चालू झाला की फोन करून सांगतात.

ई-कचऱ्याचं. इथे मेसेज लिहिणाऱ्याला जरा काळजी आहे असं धरून चालतो. पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं, म्हणून तर ती भंगारात फोडली जाण्यापेक्षा चालू टीव्ही घरात राहिलेला बरा ना? आमच्या इथले भंगारवाले काका आता चालू ट्यूबवाला टीव्ही आला की आधी मला फोन करतात, "दादा, फोडायच्या आधी विचारतोय, पाहिजे का?" त्यांना त्याचे किलोवर जे मिळाले असते त्याहून थोडे जास्त देतो, तो कोणाला तरी लागतोच. जी वस्तू वापरात आहे तिला कचरा म्हणत नाहीत.

पण सांभाळायचं तर नीट सांभाळायला लागतं, हे खरं. आपल्याकडे खाडीची दमट हवा, त्यात पावसाळ्याचे चार महिने, कॅसेटच्या सोनेरी पट्ट्या काळ्या-हिरव्या पडतात. आपण सगळे फुंकर मारायचो, निन्टेन्डो स्वतः सांगायची फुंकू नका, तोंडातल्या ओलाव्याने पट्ट्या अजून गंजतात, फुंकल्यावर चालायची ती मुख्यतः काढून परत नीट बसवल्यामुळे. कान साफ करायची कापसाची काडी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, हलक्या हाताने पुसा, काडी काळी होऊन येते, दुसरी घ्या, काडी पांढरी येईपर्यंत. मग पूर्ण वाळू द्या. डबीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. आणि जपानहून कोणी फॅमिकॉम आणलं तर त्याचा अॅडॉप्टर आपल्या प्लगला चुकूनही लावू नका, तो 100 व्होल्टचा असतो आणि आपल्या घरात 230 आहे. पिक्चर ट्यूबचा टीव्ही मात्र स्वतः उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही आत जीवघेणं व्होल्टेज राहू शकतं, जुना टीव्ही मेकॅनिक शोधा, नौपाड्यात वाशीत अजून मिळतात.

राहिला लहानपण आणि मुलांचा मुद्दा. माझी भाची नववीत आहे, तिचं लहानपण या मशीनबरोबर गेलेलंच नाही, तरी ती सुट्टीत येते तेव्हा मारिओच काढते. तिला मी एकदा दाखवलं की वरचा ढग आणि खालचं झुडूप हे एकच चित्र आहे, एकाला पांढरा रंग, दुसऱ्याला हिरवा. कारण अख्खा गेम 40 केबीत बसवायचा होता, व्हॉट्सअॅपवर आलेला साधा फोटोही सहसा त्याहून मोठा असतो. तेव्हापासून ती प्रत्येक गेममध्ये कुठे काय परत वापरलंय ते शोधत बसते, "मामा, हे बघ, हे पण तेच आहे!" याला नाद म्हणायचं असेल तर म्हणा, मी याला शिक्षण म्हणतो. आणि ज्यांना खरंच मुलांची काळजी आहे त्यांनी मोबाईलमधले फुकट गेम उघडून बघावेत, दर दोन मिनिटांनी जाहिरात, हिरे विकत घ्या, रोज या नाहीतर बक्षीस जाईल. कॅसेटमध्ये यातलं काहीच नाही. तीन लाइफ संपल्या की गेम ओव्हर, मशीन बंद, जेवायला चला.

मामेभावाला मी हेच सगळं थोडक्यात लिहून पाठवलं, आणि ज्यांच्याकडे तो मेसेज आलाय त्यांना एक विनंती आहे. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जुनं मशीन किंवा कॅसेटी निघाल्या तर देऊन टाकण्याआधी वरच्या लेबलचा, मागच्या बाजूचा आणि चालत असेल तर मेन्यूच्या पहिल्या दोन-तीन पानांचा फोटो काढा, कुठल्या साली कुठल्या दुकानातून घेतली ते घरातल्या मोठ्यांना विचारून खाली लिहा. लॅमिंग्टन रोड, गोखले रोड, वाशीचं सेक्टर 17, जे आठवेल ते. नको असेल तर मला किंवा तुमच्या ओळखीत कोणी जमवणारा असेल त्याला द्या, घ्यायला आम्ही येऊ.