‘नियोजन केले की तिन्ही जमते’ या संदेशाचा प्रतिवाद

दसऱ्याच्या आसपास फराळाच्या मागण्या नोंदवायला सुरुवात झाली की व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर एक मराठी संदेश दरवर्षी फिरू लागतो. नोकरी, घरगुती व्यवसाय आणि लहान मूल या तिन्ही गोष्टी कोणत्याही स्त्रीला एकाच वेळी सांभाळता येतात, जिला त्या जमत नाहीत तिचे नियोजन चुकते, असा त्याचा सारांश आहे, आणि त्याच्या पुष्टीसाठी खाली एकेक मुद्दा मांडलेला असतो. घरगुती खाद्यव्यवसाय करणाऱ्या बऱ्याच जणींचे हिशेब माझ्याकडे येत असल्यामुळे हा संदेश वाचून कोण काय समजते ते मला जवळून दिसते. रात्री मूल निजवल्यावर तो वाचणारी बाई हमखास स्वतःलाच दोष देते. म्हणून त्यातील मुद्दे एकेक करून तपासणे मला आवश्यक वाटते. ज्या ज्या घरात या तिन्ही गोष्टी खरोखर चालतात तिथे त्या एका बाईच्या वेळापत्रकावर चालत नाहीत; तिथे इतर माणसांचे हात लागलेले असतात, आणि हा संदेश नेमके तेच हात पुसून टाकतो.

दिवसाचे २४ तास सर्वांना सारखेच मिळतात, हा संदेशातील पहिला मुद्दा. घड्याळापुरते ते खरे आहे. परंतु केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली, तेव्हा घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि पुरुष ९७ मिनिटे देतात, असे आढळले. शिवाय अशी कामे करणाऱ्या पुरुषांचे प्रमाणच जेमतेम २६ टक्के होते, तर स्त्रियांचे ८१ टक्के. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ मिनिटे असे आले, म्हणजे पाच वर्षांत स्त्रियांच्या वाट्याची दहा मिनिटे कमी झाली आणि पुरुषांनीही आपली नऊ मिनिटे कमी करून घेतली. या सरासरीत नोकरी न करणाऱ्या स्त्रियाही आहेत, त्यामुळे नोकरदार बाईचा आकडा थोडा कमी धरला पाहिजे. तो चार तास धरा. आठ-नऊ तास कार्यालयाचे, डोंबिवली किंवा विरारहून मुंबईत जाणारीचे जाण्यायेण्याचे तीन, घरकामाचे चार आणि मुलाचे खाणेपिणे, अंघोळ, निजवणे यांचे दोन अशी बेरीज केली की अठरा तास होतात. उरलेल्या सहा तासांत तिने झोपायचे आहे आणि व्यवसायही करायचा आहे. इथे नियोजन म्हणजे झोप किती कापायची एवढाच प्रश्न शिल्लक राहतो, आणि हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तरी त्याला नियोजन म्हणू नये.

दुसरा मुद्दा सर्वांत आकर्षक आहे आणि म्हणून सर्वांत जास्त नुकसान करणाराही आहे. व्यवसाय घरातच असल्यामुळे मूल डोळ्यांसमोर राहते, पाळणाघराचा खर्च वाचतो, असे संदेश म्हणतो. हे वाक्य लिहिणाऱ्याने चकलीचा घाणा तळून पाहिलेला नाही, असे मला स्पष्ट म्हणावेसे वाटते. भाजणीत गरम पाणी आणि मोहन घालून मळलेले पीठ फार वेळ ठेवता येत नाही. सोऱ्यातून पाडलेल्या चकल्या तेलात सोडल्या की बुडबुडे कमी होईपर्यंत मध्यम आचेवर त्यांच्याजवळ उभे राहावे लागते, कारण आच वाढवली तर बाहेरून रंग येतो आणि आत त्या मऊ राहतात, आणि लक्ष ढळले तर सगळा घाणा करपतो. अशा वेळी अकरा महिन्यांचे रांगते मूल स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आले तर आईपुढे दोनच वाटा असतात. एक तर कढई सोडून मुलाला उचलायचे, नाहीतर कोणीतरी त्याला दुसऱ्या खोलीत धरून ठेवायचे. उकळत्या तेलाजवळ मूल ‘डोळ्यांसमोर’ असणे ही सोय नाही, तो धोका आहे. करंज्यांची गोष्ट वेगळी नाही; लाटलेल्या पाऱ्या झाकून ठेवल्या तरी सुकतात आणि मग कडा चिकटत नाहीत. अनारशांसाठी तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवायचे, फडक्यावर पसरून ओलसर असतानाच दळायचे, गुळात मळून पीठ मुरू द्यायचे. यातली कोणतीही पायरी मुलाच्या सोयीने पुढे-मागे सरकत नाही.

घरात दुसरे कोणी नसेल तर ‘दुसऱ्या खोलीत धरून ठेवणारा’ कोण असतो, हेही सांगितले पाहिजे. तो मोबाइल असतो. दोन वर्षांखालील मुलाला पडदा अजिबात दाखवू नये आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलासाठी तो दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावा, अशी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात हा तास सकाळी दहालाच संपतो. मी यासाठी कोणत्याही आईला बोल लावणार नाही, कारण तिच्याजवळ तिसरी वाट ठेवलेलीच नव्हती; परंतु पाळणाघराचा खर्च वाचला, असा हिशेब मांडणाऱ्याने तो खर्च कुठे गेला हेही लिहावे.

याच मुद्द्याला जोडून, बाळ झोपले की काम उरकावे, असा सल्ला येतो. पहिल्या काही महिन्यांत अंगावर पिणारे बाळ २४ तासांत आठ ते बारा वेळा दूध घेते. त्याच्या झोपेचे तुकडे आईच्याही झोपेचे तुकडे असतात. ते तुकडे पाकिटे चिकटवण्यात गेले तर ती केव्हा झोपणार, याचे उत्तर संदेशात नाही.

संदेशात यापुढे, प्रसूती रजेच्या २६ आठवड्यांत व्यवसाय उभा करा, अशीही सूचना आहे, आणि ती वाचून मला खरोखर वाईट वाटते. प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी १२ आठवड्यांची रजा २६ आठवडे झाली, ती बाळंतिणीचे शरीर भरून यावे आणि बाळाला आईचे दूध मिळावे म्हणून. हा हेतू त्या कायद्याने इतका गांभीर्याने घेतला होता, की रजेच्या काळात दुसऱ्या आस्थापनेत काम केल्यास तेवढ्या काळाच्या लाभावरचा हक्क जातो, असे त्यात लिहून ठेवले होते. घरचा छोटा व्यवसाय या तरतुदीत बसतो का, हा कायदेपंडितांचा प्रश्न असू शकेल; परंतु बाळंतिणीच्या विश्रांतीचा काळ ‘मोकळा वेळ’ म्हणून मोजणे हे त्या हक्कासाठी ज्यांनी प्रयत्न केले त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

आता पैशांकडे येतो, कारण माझे काम तिथलेच आहे. घरगुती व्यवसायाला भाडे नाही, मजुरी नाही, त्यामुळे सगळा नफाच, असे संदेश सांगतो. एक उदाहरण घेऊ. आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत, वाचणारीने आपले घालून पाहावेत. वीस किलो चकली किलोला ५०० रुपयांनी विकली, तर १०,००० रुपये आले. भाजणी, तेल, गॅस, पिशव्या, लेबले आणि घरपोच करण्याचा खर्च ६,००० झाला. वहीत ४,००० रुपये नफा दिसतो. या वीस किलोंसाठी भाजण्यापासून पोचवण्यापर्यंत तिचे ४० तास गेले असतील, तर तासाला १०० रुपये पडले. परंतु त्या ४० तासांपैकी २० तास सासूबाईंनी नातवाला सांभाळले आहे, आणि ते धरले तर ६० तासांचे ४,००० होतात, म्हणजे तासाला साधारण ६७ रुपये. सासूबाईंच्या गुडघेदुखीचा रकाना तर कोणत्याच वहीत नसतो. जी पाकिटे उधारीवर गेली आणि ‘संध्याकाळी गूगल पे करते’ म्हणून राहून गेली, ती अजून वजा केलेली नाहीत. मजुरी नाही असे म्हणताना मजुरी द्यायची राहिली, एवढेच खरे असते. देशाच्या श्रमबल पाहणीत काम करणाऱ्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणी घरच्या व्यवसायात विनामोबदला मदतनीस म्हणून नोंदलेल्या असतात. घराघरांतला हा न मांडलेला रकाना राष्ट्रीय पातळीवर असा दिसतो.

भाडे नाही म्हणून जबाबदारीही नाही, असे मात्र कोणी समजू नये. खाद्यपदार्थ स्वयंपाकघरातून विकले तरी अन्नसुरक्षेची नोंदणी घ्यावी लागते, आणि पाकिटावर घटक, वजन व बनवल्याची तारीख लिहावी लागते. ती लेबले रात्री अकरा वाजता लिहिणारी व्यक्तीही तीच असते.

संदेशातील सर्वांत मोठा दाखला लिज्जत पापडाचा आहे: ‘सात गृहिणींनी ८० रुपयांत सुरुवात केली, मग तुम्हाला का जमणार नाही?’ माहिती बरोबर आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, आणि पुढे त्यांची संस्था हजारो भगिनींची झाली. परंतु त्या सात होत्या, हीच या गोष्टीतली मुख्य बाब आहे. लिज्जतची रचना पाहिली तर संदेशाच्या नेमके उलट चित्र दिसते. पीठ केंद्रावर मळले जाते. पहाटे भगिनी केंद्रावर येऊन आदल्या दिवशीचे पापड देतात, ते तपासून आणि वजन करून घेतले जातात, लाटणावळ मिळते आणि नवे पीठ घेऊन त्या घरी जातात. मोठ्या केंद्रांवर त्यांना आणण्या-सोडण्यासाठी संस्थेच्या गाड्याही असतात. उडीद विकत घेणे, दळणे, पाकिटे भरणे, दुकानदारांकडून वसुली करणे, जाहिरात करणे यांपैकी काहीही घरी लाटणाऱ्या बाईच्या डोक्यावर नाही. तिच्याकडे येते ते एकच काम, आणि तेही असे की मूल रडले तर लाटणे बाजूला ठेवून उठता येते. मूल घरात असताना कोणते काम घरी न्यावे आणि कोणते नेऊ नये, याचा इतका नीट विचार करणाऱ्या संस्थेचे नाव ‘एकटीने सगळे करा’ या सल्ल्याखाली घालणे चुकीचे आहे.

गिरणगावातील खानावळवाल्यांची गोष्टही अशीच आहे. गिरणी कामगारांना घरी जेवण करून घालणाऱ्या या बाया कष्टांत कुठेच कमी नव्हत्या, तरीही सावकाराच्या व्याजातून त्यांची सुटका एकेकीच्या नियोजनाने झाली नाही. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, बायांचे गट झाले आणि त्या गटांच्या हमीवर बँकांचे कर्ज मिळू लागले, तेव्हा ती झाली.

आपल्या आज्यांनी आठ-आठ मुले वाढवून शेती आणि धंदा केला, हा मुद्दा थोडक्यात संपवता येतो. त्या घरांत जावा होत्या, विधवा आत्या होत्या आणि धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन फिरणारी नऊ वर्षांची मोठी मुलगी होती. त्या मुलीची शाळा सुटली. आजीचे कौतुक करताना तिची आठवण ठेवायला हवी.

नोकरीची सुरक्षितता ठेवून फावल्या वेळात व्यवसाय करा, या सल्ल्यात एक धोका न सांगता ठेवलेला आहे. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार पूर्वपरवानगीशिवाय व्यापार किंवा व्यवसाय करता येत नाही, आणि खाजगी कंपन्यांच्या नेमणूकपत्रांतही पुष्कळदा तशी अट असते. संदेश वाचून मागण्या घेण्यापूर्वी आपले नेमणूकपत्र काढून वाचावे. त्याबरोबरच, ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असणे कायद्याने बंधनकारक आहे आणि तिथे दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा आईला आहे, हे आपल्या कार्यालयात विचारून पाहावे. हे विचारणाऱ्या फार थोड्या जणी मला भेटल्या आहेत, कारण मुलाची सोय हा आपला वैयक्तिक प्रश्न आहे, असे त्यांना इतक्या वेळा सांगितले गेले आहे की कायद्याने दिलेली गोष्ट मागतानाही त्यांना संकोच वाटतो. स्वतःच्याच व्यवसायावर पूर्णपणे अवलंबून असलेल्या बाईला तर प्रसूती रजाही नाही आणि हे पाळणाघरही नाही. अंगणवाडी आहे, पण ती प्रामुख्याने तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी आणि दिवसातले काहीच तास चालते. एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसभर ठेवण्याची सार्वजनिक सोय बहुतेक वस्त्यांत नाही.

शेवटचा मुद्दा एकाच ओळीचा आहे: नवऱ्याने मदत केली तर सोन्याहून पिवळे. मूल दोघांचे आहे आणि व्यवसायाचा पैसा ज्या घरात जातो ते घरही दोघांचे आहे, त्यामुळे इथे ‘मदत’ कोण कोणाला करते हेच मला कळत नाही. माझ्याकडे ज्यांच्या वह्या येतात त्यांच्यापैकी ज्या घरांत ही घडी टिकून आहे, तिथे काय चालते ते पाहण्यासारखे आहे. दिवाळीआधीचा आठवडा मुलाचे वडील कार्यालयातून रजा घेतात आणि त्या दिवसांत मूल पूर्णपणे त्यांच्याकडे असते, अंघोळीपासून निजवण्यापर्यंत. लाटायला आणि पाकिटे भरायला शेजारची एखादी बाई किलोमागे ठरलेल्या मजुरीवर येते, आणि ती मजुरी त्याच दिवशी दिली जाते. मागण्या एका ठरावीक तारखेला बंद होतात, मग कोणीही ओळखीचे असो. चकलीची किंमत ठरवताना करणारीच्या तासांचे आणि मूल सांभाळणाऱ्याच्या तासांचे पैसे आधी धरले जातात. त्यामुळे ती बाजारातल्या चकलीपेक्षा महाग पडते. बहुतेक गिऱ्हाइके ती किंमत देतात, आणि जी घासाघीस करतात त्यांची मागणी वहीत लिहिली जात नाही.