खुनाच्या खटल्यातला पोरगा आणि आपला लंपन : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

वॉल्टर डीन मायर्स या अमेरिकन किशोर-कादंबरीकारावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही इतकं मनापासून लिहिलंत की त्याला दोन ओळींत वाटेला लावणं बरं दिसणार नाही, म्हणून स्वतंत्र लिहिते आहे. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : सरांचं म्हणणं असं की मी नववी-दहावीच्या पोरांना मायर्सची 'मॉन्स्टर' ही खुनाच्या खटल्याची कादंबरी वाचून दाखवणं म्हणजे नको त्या वयात नको ते डोक्यात घालणं. मायर्सची बक्षिसं ही कातडीचा रंग बघून वाटलेली. शंभरावर पुस्तकं काढणारा तो लेखक कसला, यंत्रमाग. आणि शेवटी, आपल्याकडे फास्टर फेणे आहे, प्रकाश नारायण संतांचा लंपन आहे. सोलापूरच्या पोरांना न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीशी काय देणंघेणं?

यंत्रमागाचं आधी उरकते. पहिलं पुस्तक १९६९ चं, मृत्यू २०१४ मध्ये. पंचेचाळीस वर्षांत शंभरावर, म्हणजे वर्षाला दोन-अडीच, आणि त्यात लहानग्यांची चित्रपुस्तकं, कविता, चरित्रं सगळं आलं. १९७७ मध्ये प्रकाशनसंस्थेतली संपादकाची नोकरी सुटल्यावर त्यानं लेखणीवरच घर चालवलं. अशा माणसाला मूड लागण्याची वाट बघून चालत नाही. सगळी पुस्तकं सारख्या वकुबाची नाहीत, काही मलाही रेटावी लागली. पण त्याच मागावर सणासुदीचा स्वस्त मालही निघतो आणि पंधरा वर्षं न विटणारी चादरही, हे मी सोलापूरच्या माणसाला काय सांगणार?

आता बक्षिसं. अमेरिकेत मुलांच्या पुस्तकासाठी न्यूबेरी पदक १९२२ पासून दिलं जातं. ते पहिल्यांदा एका कृष्णवर्णीय लेखिकेला, व्हर्जिनिया हॅमिल्टनला, मिळालं १९७५ मध्ये. मधली पन्नासहून जास्त वर्षं रंग बघूनच गेली म्हणायची, फक्त तुम्ही म्हणता त्याच्या उलट्या दिशेनं. हे डोळ्यांवर आलं म्हणूनच ग्रंथपालांनी पुढाकार घेऊन मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला. तो मायर्सला पाच वेळा मिळाला. तो कृष्णवर्णीय लेखकांसाठीच आहे, मान्य. पण 'मॉन्स्टर'ला २००० साली जो प्रिंट्झ पुरस्कार मिळाला, त्याला अशी कुठलीही अट नाही. किशोरांसाठीच्या उत्तम पुस्तकाला द्यायचा तो पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाला आणि पहिलाच मान या कादंबरीला मिळाला. तो ज्यांच्या नावानं आहे ते मायकेल प्रिंट्झ कोणी मंत्री नव्हेत, उद्योगपती नव्हेत. कॅन्ससमधल्या टोपीका गावच्या शाळेतले ग्रंथपाल. निवड करतात तेही मुलांना रोज पुस्तकं काढून देणारे ग्रंथपाल. आपल्याकडे शाळेच्या ग्रंथपालाच्या नावानं राज्यभर मानाचा पुरस्कार आहे का, हे तुम्हीच सांगा. (आधी शाळेला ग्रंथपाल आहे का, हे सांगा.)

खरा मुद्दा तुमचा पहिला आहे, आणि तो मला हलक्यात घ्यायचा नाही.

सर, फास्टर फेणेही चोर, दरोडेखोर, स्मगलर यांच्यातच वावरतो की. भा. रा. भागवतांची ती पुस्तकं वाचून कोणी पोरगा स्मगलर होईल अशी भीती कुणाच्या आईबापाला वाटली नाही, मलाही नाही. का? तिथं गुन्हेगार नेहमी दुसरा असतो. बन्या त्याला पकडतो, आपण टाळ्या वाजवतो. मायर्सनं काय केलं? त्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या पोरालाच 'मी' म्हणायला लावलं. तुम्हाला खुपलं ते हे असावं, खून नव्हे.

स्टीव्ह हार्मन सोळा वर्षांचा, हार्लेमचा, शाळेत सिनेमा करायला शिकणारा. औषधाच्या दुकानात चोरी होते, झटापटीत दुकानदार स्वतःच्याच पिस्तुलाच्या गोळीनं मरतो. आधी आत जाऊन दुकान मोकळं आहे का बघून यायचं काम स्टीव्हनं केलं, असा त्याच्यावर आरोप. सरकारी वकीलबाई त्याला राक्षस म्हणतात, तो तोच शब्द आपल्या वहीत लिहून ठेवतो. कोठडीतले दिवस तो डायरीत लिहितो, आणि कोर्ट मात्र पटकथेसारखं : कॅमेरा कुठं, कोणाचा चेहरा जवळून, कोणाचा आवाज पडद्याआडून. ज्या खोलीत आपल्या जन्माचा निकाल लागायचाय तिथं हा पोरगा स्वतःला लांबून बघतो, कारण जवळून बघणं झेपत नाही.

यात कुठं गुन्ह्याची ऐट आहे? आपली पोरं मोबाइलवर काय बघतात ते तुम्हाला ठाऊक आहे : तलवारीनं केक कापणारे 'भाई', पोलीस गाडीतून उतरताना हात हलवणारे, मागं ढँगढँग संगीत. 'मॉन्स्टर'मध्ये कोठडीत उघड्यावरचा संडास आहे, रात्रीचा मार आहे, बायबलमध्ये खूण करून आणणारी आई आहे. एक जागा तर मी वाचून दाखवताना थांबले होते. भेटीच्या खोलीत लहान मुलांना सोडत नाहीत, म्हणून धाकटा भाऊ खाली रस्त्यावर उभा राहतो आणि स्टीव्ह त्याला खिडकीतून बघतो. तेव्हा त्याच्या ध्यानात येतं की मी आत अडकलेलो नसतो, तर या खोलीत भेटायला मलाही येऊ दिलं नसतं. भेटायला यायला वय पुरत नाही, आत बसायला पुरतं! हे वाचून कुठल्या पोराला तलवार घ्यावीशी वाटेल?

आणि हा प्रश्न काय फक्त हार्लेमचा आहे? आपल्याही २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यात, मंडळाच्या तपासणीनंतर, मोठ्या माणसासारखा खटला चालवता येतो. पुण्यात २०२४ मध्ये अपघातात दोघांचा जीव गेला आणि अल्पवयीन मुलाला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला, तेव्हा सगळा महाराष्ट्र पेटला होता. आमच्या पोरांनी तो आणि हा स्टीव्ह आपणहून शेजारी ठेवले. एक म्हणाला, "याला कुणी निबंध दिला असता तर यानं वहीच्या वही भरली असती." मी काही शिकवलं नव्हतं.

आमचं वाचन चालतं अशोक चौकाच्या पलीकडे, ओळखीच्यांच्या कारखान्याच्या माडीवर. खाली माग चालू असले की ओरडून वाचावं लागतं. पुस्तक इंग्रजीत, मी वाचत जाते, मराठीत सांगत जाते, कुठं अडलं तर तेलुगूत आपापसात समजावून देतात. शेवटचं प्रकरण झालं तेव्हा माडीवर भांडण लागलं होतं. स्टीव्ह निर्दोष सुटतो. आनंदानं तो आपल्या वकीलबाईंना, ओब्रायन यांना, मिठी मारायला हात पसरतो, आणि त्या अंग आक्रसून वळतात, टेबलावरचे कागद गोळा करू लागतात. मायर्सनं तिथं एका शब्दानं कारण दिलेलं नाही.

"ती का मागं सरकली बे? सुटला की तो."

"सुटला म्हणून काय झालं? तिला म्हाईत असंल."

"काय म्हाईत असंल? तू बघितलास का?"

हे अर्धा तास. दोघीतिघी विड्या वळायला मदत करून आलेल्या, एरवी बोलत नाहीत, त्यांचं म्हणणं पडलं की वकीलबाईंना ठाऊक काहीच नाही, त्यांनाही भीतीच वाटली, एवढंच. पोरांना कादंबरीतून संस्कार मिळाला की नाही मला माहीत नाही. पण एका माणसाच्या पाठ फिरवण्यावर, पुस्तकात पुन्हा पुन्हा मागं जाऊन, पुरावे काढून भांडणारी दहावीची मुलं मी पाठ्यपुस्तकातल्या धड्यावर अजून पाहिलेली नाहीत. २०१२ पासून दोन वर्षं मायर्स अमेरिकेत मुलांच्या साहित्याचा राष्ट्रीय राजदूत होता, आणि त्याचं घोषवाक्य होतं : वाचन ऐच्छिक नाही. शाळेतल्या माणसाला यातली मेख लगेच कळेल.

आता लंपन. तुम्ही त्याचं नाव घेतलंत म्हणून बरं झालं, कारण मायर्स वाचताना मला प्रकाश नारायण संत सारखे आठवत होते. दोघंही १९३७ चे. दोघंही आईबापांच्या घरी वाढले नाहीत. संत आजोळी दत्तक गेले, कागदोपत्री भालचंद्र गोपाळ दीक्षित झाले, आणि लिहिताना जन्मदात्या वडिलांचं नाव लावलं. मायर्स वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गचा; अगदी लहानपणी आई गेली, हार्लेममध्ये फ्लोरेन्स आणि हर्बर्ट डीन यांनी वाढवला. त्यानं लेखक म्हणून नावात त्यांचं 'डीन' घातलं. एकानं मागं वळून जन्माचं नाव घेतलं, दुसऱ्यानं वाढवणाऱ्यांचं. फ्लोरेन्सनं प्रेमकथांची मासिकं वाचून दाखवत त्याला वाचायला शिकवलं, म्हणजे तुमच्या हिशेबानं तेही नको त्या वयातच. हर्बर्टनं त्याच्या पुस्तकांबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. त्यांना वाचताच येत नव्हतं, हे मायर्सला फार उशिरा कळलं. आमच्या माडीवरच्या कित्येकांना हे सांगायची गरज पडली नाही. घरी आईचा अंगठा लागतो.

मला लंपन मनापासून आवडतो. पण तो मोठ्या माणसानं आठवलेला मुलगा आहे आणि त्याला डोक्यावर घेतलं तेही मोठ्यांनीच. आपल्या बालपणाची हुरहुर आपल्याला पोरांच्या हातात द्यायची असते, आणि त्यांनी ती घेतली नाही की पोरं वाचत नाहीत म्हणून आपण मोकळे. मायर्सनं बासष्टाव्या वर्षी १९९९ मधला सोळा वर्षांचा पोरगा लिहिला. त्यासाठी तो तुरुंगांत जाऊन कैद्यांशी बोलला. स्वतः सतराव्या वर्षी शाळा सोडून सैन्यात गेलेला, बोलताना अडखळणारा. हार्लेमच्याच जेम्स बाल्डविन या कृष्णवर्णीय लेखकाची गोष्ट वाचली तेव्हा आपली वस्तीही पुस्तकात येऊ शकते हे त्याला उमगलं. ते त्यानं मृत्यूच्या काही महिने आधी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं, आणि सोबत आकडा दिला : २०१३ मध्ये आलेल्या मुलांच्या ३,२०० पुस्तकांपैकी कृष्णवर्णीयांबद्दलची फक्त ९३. आपल्याकडे असा हिशेब कोणी मांडलाच, तर साखर पेठेतली, तेलुगू-मराठी मिसळून बोलणारी, सुट्टीत कांड्या भरायला जाणारी मुलगी किती किशोर-कादंबऱ्यांत सापडेल? तुम्हाला एखादी ठाऊक असेल तर नाव कळवा, पुढच्याच रविवारी घेऊ. टोमणा नाही, खरंच हवी आहे.

लंपन आम्ही दिवाळीनंतर वाचायला घेणार आहोत. कानडी वळणाची ती मराठी आमच्या पोरांना पुण्याच्या मुलांपेक्षा लवकर लागेल असा माझा अंदाज आहे. तुम्ही या, तुमच्या आवाजात वाचून दाखवा. जिना अरुंद आहे, जपून.

पुढचा लेख मायर्सच्या 'फॉलन एंजल्स'वर आहे. हार्लेमचा सतरा वर्षांचा पोरगा व्हिएतनामच्या लढाईवर जातो, त्याची गोष्ट. मायर्सचा धाकटा भाऊ १९६८ मध्ये तिथंच मारला गेला. त्यातल्या सैनिकांच्या तोंडच्या शिव्यांमुळे ती काढून टाका म्हणून अमेरिकेतल्या शाळांत पुन्हा पुन्हा तक्रारी झाल्या, तेव्हा तुमच्या बाजूनं बोलणारे तिकडेही भरपूर आहेत. ती प्रतिक्रिया आत्ताच लिहून ठेवलीत तरी चालेल.